वरचा आकडा

“तुमच्या रक्तवाहिन्या तुमच्यापेक्षा पुष्कळ म्हाताऱ्या झाल्यात,” डॉक्टर म्हणाले. मला हट्टानं तपासायला आणलं होतं सुनेनं, तेही माझे केस रंगवून. आता नसांना रंग कुठून लावायचा?

तपासणीचं नाव पल्स वेव्ह व्हेलॉसिटी. हृदयाच्या ठोक्याची लाट मानेपासून जांघेपर्यंत किती वेगानं पोचते, ते मोजतात. नस लवचीक असेल तर धक्का जिरतो, लाट सावकाश जाते. माझी सुसाट निघाली. याला आर्टेरियल स्टिफनेस म्हणतात, म्हणजे उन्हात पडलेल्या रबरी नळीसारखा नसांचा कडकपणा. दुखत काहीच नाही. तेच वाईट.

चूक आमचीच. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की बायका एकमेकींचं बीपी मोजतात. वरचा आकडा वयाप्रमाणे वाढतोच, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलेलं. माझं एकशे बहात्तर आणि अडुसष्ट आलं, तरी शेजारच्या कमलताई म्हणाल्या, “खालचं झ्याक हाय की. कशाला गोळ्या खाती?” घरी माझ्या मिस्टरांनीही तीच री ओढली. मी बीपीची चालू गोळी बंद केली.

“वरचा जास्त आणि खालचा कमी, ही बहुतेक वेळा कडकपणाचीच खूण असते,” डॉक्टर म्हणाले. “असंच राहिलं तर पक्षाघाताचा धोका आहे.”

माझी आई पक्षाघातानं अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं मी केलं. माझं तसं कुणाला करावं लागेल, याचीच भीती वाटली.

गोळी रोज सुरू झाली. पापड-लोणचं सुटलं, सकाळचं चालणं लागलं. तुम्हीही मोजाल तेव्हा दोन्ही आकडे डॉक्टरांना सांगा, आपल्या मनानं एक वगळू नका.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. “दाब आटोक्यात आहे. कडकपणा थोडा उतरलाय, सगळा जाणार नाही. गोळी मात्र सोडायची नाही,” डॉक्टर म्हणाले. मग ते सोबत आलेल्या मिस्टरांकडे वळले. “काका, तुम्ही कधी मोजलंय?”

यांनी ऐटीत बाही वर केली. वरचा आकडा माझ्या जुन्या आकड्यापेक्षाही जास्त निघाला.

घराचा जिना चढताना हे मध्येच थांबून म्हणाले, “तुला तवा भ्या वाटलं व्हतं का गं?”

“लई,” मी म्हणाले.

डॉक्टरांचे, सुनेचे उपकार आहेतच. पण इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला तिथंच, जिन्यात, रडू आलं.