ताटावरचं पाखरू

लग्नानंतर माझा पहिला फोटो वडशाच्या स्टुडिओत निघाला. मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा, हातात प्लास्टिकचा गुलाब, मनगटावर नणंदेचं बंद पडलेलं घड्याळ आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा. घरामागेच कमळांनी भरलेला तलाव होता. पण तिथे चिखल असतो, साडी खराब होते, असं फोटोतल्या त्या शहाण्या बाईचं, म्हणजे माझंच, मत. खोट्या पाण्यापुढे बसायला ती रेल्वेने गेली. आज भेटली तर तिच्या हातातला गुलाब काढून घेईन आणि तिला तलावाच्या पाळीवर उभी करीन.

त्याच पाळीवर मी आता रोज जाते. ऊन चढल्यावर, एकटीच, नातीने दिलेला मोबाईल घेऊन.

"बाई, एकट्या काऊन जाता? वाघ आला म्हंजे?" शेजारीण विचारते.

"आला तं फोटू काढीन. तुले पाठवीन."

"मंग तुमचाच फोटू आमाले हार घालून लावा लागन."

लावा म्हणावं. घरी मी माय, सासू, आजी. पाळीवर मी कोणाची कोणी नसते. तेवढ्यासाठी वाघाची जोखीम परवडते.

दसऱ्यानंतर एका सकाळी कमळपक्षी लांब बोटं पसरत पानांवरून चालत आला आणि एका मोठ्या पांढऱ्या कमळावर थांबला. मी श्वास रोखून बटण दाबलं. घरी नातीने फोटो बोटांनी मोठा केला आणि हसतच सुटली.

"आजी, हे कमळ नाई. थर्माकोलचं ताट आहे."

भाजीचे कप्पेसुद्धा दिसत होते. नवरात्रातल्या पंगतीचं ताट, वाऱ्याने पाण्यात गेलेलं. मला लाज वाटली नाही. पाखराचं एक पाऊल उचललेलं, पाण्यात त्याची सावली. असा फोटो मी कधी काढला नव्हता.

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्री नाटक, घरोघर पाहुणे. या वेळी कमानीवर आपल्या तलावाचा फोटो लावायचं ठरलं आणि सगळ्यांनी माझा हाच फोटो निवडला. अडला फक्त माझा मुलगा. तो मंडईच्या कमिटीत आहे, आणि नवरात्रात ती ताटं त्यानेच आणली होती.

"माय, फोटू मस्त आहे. फक्त ताट पुसून टाकू. मोबाईलमंधी होते ते."

"ताट पुसलं तं पाखरू उभं कशावर राहीन?"

"पाण्यावर."

"नाटकातला देव आहे का तो?"

"पाहुणे येऊन राह्यले, माय. गावाची काय शोभा राहीन?"

"मंग माझा धबधब्याचा फोटू लाव. त्यात कचरा नाई. फक्त मी आहो."

त्याने भिंतीवरच्या त्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग माझा मोबाईल घेऊन फलकवाल्याकडे गेला.

मंडईच्या दिवशी फोटो कमानीच्या खांबावर लागला, माणसाएवढा उंच, ताटासकट. खाली लिहिलेलं, फोटो: गावची आजी. येणारा प्रत्येक जण थांबायचा. मुलगा स्वागताला उभा होता, आणि उभा असा की त्याच्या डोक्याने नेमकं ताट झाकलं जावं. बिचारं पाखरू त्याच्या डोक्यावर उभं असल्यासारखं दिसत होतं.

सिंदेवाहीहून आलेल्या एका पाहुणीने मोबाईल वर केला.

"भाऊ, थोडं बाजूले व्हा ना. ताट दिसून नाई राह्यलं."

तो बाजूला झाला. तोवर त्याच्या डोक्यावरचं पाखरू मी टिपून घेतलं होतं.