तिरप्या टाक्यांची शिवण

थोटेमामांच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा राहिला होता. चार बोटं कापसातली सरकी काढायच्या रेच्यात गेली होती. तरी बीडच्या आमच्या कारखान्यात पाण्याच्या चामडी छागली शिवायला ते माझ्या शेजारी बसत. तळहाताला बांधायचा कातडी पट्टा त्यांनी स्वतः केला होता. त्यात आरी खोचून आवळायची, भोक पाडायचं आणि दोरा डाव्या हाताने नि दातांनी ओढायचा. कोणी विचारलं तर म्हणत, "हाताला जमत न्हाई ते पट्ट्याला शिकवायचं."

पट्ट्यामुळे आरी जरा कलती शिरे. त्यांचे टाके तिरपे पडत, माझे सरळ. शेजारी बसणाऱ्यालाच हे कळायचं.

मी तेव्हा पंचविशीत होतो, चेष्टा फार करायचो. एकदा म्हणालो, मामा, पट्ट्याला चमचाही बांधा.

"बांधला आसता बे," ते म्हणाले, "पर भाकरीला चमचा कुठं लागतो?"

मालकांनी त्यांना एकाच अटीवर ठेवलं होतं. एक छागल गळाली की घरी जायचं. सात वर्षं गळाली नाही.

शिवलेली छागल भरून लिंबाच्या फांदीला टांगायची नि खाली राख पसरायची, ही आमची रीत. छागल पाझरली तर चालेल, थेंब पडता कामा नये. निजामाच्या तहसील कचेरीचा माल होता तेव्हा एका छागलीखालची राख भिजली. मालकांनी शिवण पाहिलीच नाही. थेट मामांच्या हाताकडे पाहिलं.

मी शिवण पाहिली. टाके सरळ होते.

मामांनी छागल उतरवली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्याला मेण लावत राहिलो. कबूल केलं असतं तर मला चार शिव्या बसल्या असत्या, बाकी काही नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मालकांनी विचारलं, तुझीच ना ही?

"थोटा मीच हाय न्हवं? मंग माझीच आसंल."

पट्टा सोडून त्यांनी कमरेला खोचला. जाताना माझ्यापाशी वाकून हळू म्हणाले, "दुसरा टाका घालताना पयला ढिला सोडू नको. तिथंच गळतंय."

पुढे चाळीस वर्षं मी शिवत होतो. एकही छागल गळाली नाही. लोक मला उस्ताद म्हणत.

मामा बीडजवळच्या पालीला राहायला गेल्याचं कानावर आलं होतं. पाली काही लांब नाही. सकाळी चालत निघालं तर दुपारपर्यंत परत येता येतं. मी गेलो नाही.