बरा झालेला रिपोर्ट

घड्याळजींच्या बायकोला थोरल्या भावाचं प्रेम होतं, तो लांब असला की जरा जास्तच. दादा निवृत्त झाला आणि नातेवाइकांच्या दुखण्यांवर त्याने ठाण मांडलं.

घड्याळजींचं दुखणं असं, की संध्याकाळी बसलं की पोटऱ्यांत काहीतरी वळवळायचं. उठून चार पावलं टाकली की थांबायचं. आणि घड्याळदुरुस्तीचं काम तर बैठकीचं! निसटलेला स्क्रू हरवू नये म्हणून टेबलाच्या कडेपासून कमरेपर्यंत फडकं बांधलेलं. घड्याळजी ताडकन उठले की फडकं उडायचं आणि अख्खं दुकान रांगत स्क्रू शोधायचं. शेवटी दुकानाचे मालक म्हणाले, "काका, पुढच्या महिन्यापासून तुम्ही काउंटरवर पट्टे विका."

घड्याळजी त्या दिवशी जेवले नाहीत.

दादाने रक्त तपासायला लावलं. सूज असली की वाढणारं प्रथिन, सीआरपी, चांगलंच वाढलेलं निघालं. दादाचा हर्ष गगनात मावेना.

"बघ, रक्तातच सूज आहे! पायांचं मूळ सापडलं. मी वाचलंय."

"दादा, त्यांची दाढ ठणकतेय."

"दाढेचा पायांशी काय संबंध? उगाच उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

उंटावर कोण बसलंय, ते तिने सांगितलं नाही. दादाने पथ्य लावलं: तळलेलं बंद, आंबट बंद, गोड बंद. घड्याळजी अर्धपोटी पाय झाडत राहिले. मग गाल टम्म फुगला आणि दाढ काढावीच लागली. पुन्हा तपासलं, तर सीआरपी जागेवर! दादाने फोन फिरवले. "पथ्याने गुण आला बरं का!"

मागे घड्याळजी येरझाऱ्या घालत होते.

"दादा," ती म्हणाली, "रिपोर्ट बरा झाला. माणूस राहिलाय."

तीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई म्हणाल्या, "ते प्रथिन कुठल्याही सुजेने वाढतं. पायांच्या या त्रासात कुणाचं वाढलेलं दिसतं, कुणाचं नाही. हा त्रास विचारूनच ओळखायचा. उभं राहिल्यावर काय होतं?"

"उभ्याने काही नाही."

रक्तातला लोहाचा साठा कमी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पण गुण यायला वेळ लागणार होता. मालक कुठे थांबणार होते! मग बसायचंच कशाला, असं म्हणत ती दुकानात गेली आणि टेबलाच्या पायांखाली विटा रचल्या.

मालक फिस्सकन हसले. "उभ्याने घड्याळं? हे काय सलून आहे?"

"न्हावी उभ्यानेच तुमच्या गळ्यावर वस्तरा फिरवतो की! तिथे बरे गप्प बसता."

मालकांनी मुद्दाम बायकांच्या मनगटावरचं सगळ्यात नाजूक घड्याळ पुढे सरकवलं. घड्याळजींनी फडकं कमरेला बांधलं. घड्याळ टिकटिकायला लागलं, तेव्हा फडक्यात धूळसुद्धा नव्हती. मालकांनी पट्ट्यांचा डबा मुकाट्याने दुसऱ्याकडे सरकवला.

संध्याकाळी दादा दुकानात आला आणि घड्याळजींच्या रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसला. "पथ्य सोडू नका हं!"

"दादा," ती म्हणाली, "ती खुर्ची जाताना घेऊन जा. आता बसून काम करणारं इथे कुणी नाही, आणि तुला बसून बोलायला ती लागेलच."