बिब्ब्याचा डाग

एकट्याने काम करणाऱ्याकडे किस्से फार साठतात, कारण ते ज्याला सांगावेत असा माणूसच समोर नसतो. जुन्नरला आमची छोटीशी लॅब आहे. मी तिथे टेक्निशियन. डॉक्टरांनी काढलेला गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे आणि काचेवर रंगवायचे. ते बघायला पॅथॉलॉजिस्ट मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बाकीचे दिवस मी आणि मेणाचं भांडं. घरी तर तेही नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली.

*

घाटघरचा एक पावणा रिपोर्ट न्यायला आला. साधी चरबीची गाठ होती, काळजीचं कारण नव्हतं. तरी गडी हलेना.

"कागुद मिळाला. आता आमचा तुकडा द्या."

"कशाला?"

"माणूस पुरा जाळायचा असतोय, भाऊ. वर गेल्याव म्हनतील, बाकीचा कुठंय?"

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सांगा, जपून ठेवलाय. लागेल तेव्हा या." पावणा खूश! आता दर दिवाळीला लाडू घेऊन येतो, तुकडा बघतो आणि जातो. माझ्याकडे दिवाळीला येणारा तो एकटाच.

*

दुसरा येणारा धोंडिबा, मेंढरंवाला. मुलं चाकणला कंपनीत, हा मेंढरांमागे. बाजाराला आला की लॅबच्या पायरीवर टेकायचा, आम्ही चहा घ्यायचो. तासभरात चार वाक्यं बोललो तरी पुष्कळ.

एकदा त्याने पायाचा तळवा दाखवला. रुपयाएवढा काळा डाग. "काटा मोडला व्हता, बिब्बा लावला. ह्यो त्याचाच ना?"

आमच्याकडे तळव्यात काटा मोडला की बिब्बा तापवून चटका देतात. त्याचा काळा डाग कितीतरी दिवस राहतो. माझ्या आईच्या दोन्ही टाचांवर असे डाग होते. उभी हयात कॅन्सरचे काप काढण्यात गेली, पण त्या दिवशी मला धोंडिबाच्या पायावर आईची टाच दिसली. म्हटलं, "बिब्ब्याचाच आहे. जाईल."

*

तो गेला नाही. वर्षाने चिघळला, डॉक्टरांनी कापला आणि तुकडा माझ्याच टेबलावर आला. मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा वाईट कॅन्सर.

मॅडमनी खास रंगासाठी तो पुण्याला पाठवला. पेशी बिघडली की तिने आपण होऊन मरायचं, असा शरीराचा नियम आहे. ते काम करणारी प्रथिनं पेशीतच असतात आणि या रंगाने ती लाल दिसतात. पहिल्या काचेवर लाल भरपूर होतं. सात महिन्यांनी धोंडिबाच्या जांघेत गाठ आली, तिच्या काचेवर लाल औषधालाही नव्हतं.

"प्रथिनं गेली," मॅडम म्हणाल्या. "आजार पुढे सरकला. या पेशी आता मरायचं नाव घेणार नाहीत."

मी म्हटलं, "रंगच नीट चढला नसेल."

"कंट्रोल बघा."

रंग नीट चढतो की नाही हे कळावं म्हणून त्याच काचेच्या कडेला दुसऱ्या कुणाचा तरी तुकडा लावतात. तो छान लाल होता. पुण्यातल्या कुणाची काही चूक नव्हती. माझी होती, आणि ती मी मॅडमना सांगितली नाही.

*

हे सगळं धोंडिबाला समजावणं मॅडमकडे आलं. प्रथिनं, पेशी, सगळं सांगून झालं. धोंडिबाने मान डोलावली.

"मंजी कळपात मेंढरू रोगट झालं की आपसूक मागं ऱ्हातं. ही मागं ऱ्हात न्हाईत. फुडं पळत्यात."

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं कॉलेजात शिकवलं, पण असं कधी जमलं नाही." मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

*

पुण्याला उपचाराला जायच्या आदल्या दिवशी धोंडिबा आला. मेंढरं भावकीत देऊन टाकली होती. पायरीवर बसला. मी चहा ठेवला आणि कितीतरी महिने मनात घोळवलेलं बोलून टाकलं.

"धोंडिबा, तो डाग तुम्ही मला दाखवला होता. बिब्ब्याचा म्हणून मीच सांगितलं. तेव्हाच कापला असता, तर आज ही वेळ आली नसती."

त्याने चहा संपवला. मग कप खाली ठेवला.

"त्याच्या आदल्या दिशी डॉक्टरला दावला व्हता. कापाया लागंल, म्हनला. मंग तुमास्नी इचारलं. तुमी म्हनला, बिब्ब्याचाच हाय, जाईल." त्याने पायात वहाण सरकवली. "वरीसभर लई ग्वाड झोप लागली, राव."