अँथनीने शोधून दिलेला नवरा

योगिनी खांबेटे शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांच्या वस्तू हरवायला लागल्या. चष्मा, कपाटाच्या किल्ल्या, एकदा तर कवळी. कळव्याच्या त्यांच्या इमारतीत शेजारी आग्नेस आजी राहायच्या. त्या म्हणाल्या, "बाय, संत अँथनीला सांग. हरवलेलं शोधून द्यायचं खातं त्याच्याकडेच."

आठशे वर्षांपूर्वी एका शिकाऊ साधूने अँथनीची स्तोत्रांची पोथी पळवली. अँथनीने प्रार्थना केली आणि साधू घाबरून ती परत घेऊन आला. तेव्हापासून लोक त्याच्या मागे लागलेत. ऐकलं नाही तर त्याची मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवतात, हे कळल्यावर तर योगिनीबाईंना तो घरचाच वाटला. त्यांच्या माहेरी देव पाण्यात ठेवायचे.

कवळी फ्रीजमध्ये सापडली. योगिनीबाई दर मंगळवारी ठाण्याच्या चर्चमध्ये जाऊ लागल्या आणि नवस फेडायला गरिबांना पाव वाटू लागल्या. लवकरच अख्खी इमारत त्यांच्याकडे तक्रारी नोंदवू लागली. कुणाचं आधार कार्ड, कुणाची मांजर. सापडलं की श्रेय बाईंचं, नाही सापडलं तर अँथनीचा हलगर्जीपणा. बाईंचा आवाज पुन्हा शाळेतल्यासारखा भरदार झाला.

मग त्यांची नजर तळमजल्यावरच्या मंजुळाकडे गेली. मंजुळा पोळीभाजीचे डबे द्यायची. तिचा नवरा साईनाथ बऱ्याच वर्षांपासून बेपत्ता होता. तिने कधी काही मागितलं नव्हतं, पण बिचारी संकोचत असेल, असं बाईंनी स्वतःच ठरवलं आणि सलग नऊ मंगळवार साईनाथचं नाव घेतलं.

पुढे खडवलीला नदीवर सहलीला गेलेल्या इमारतीच्या भजनी मंडळातल्या एका बाईला साईनाथ तिथल्या हॉटेलात भजी तळताना दिसला. योगिनीबाई स्वतः गेल्या, त्याला समजावून घेऊन आल्या आणि मंजुळाच्या दारात उभा केला. मागे निम्मी इमारत.

मंजुळाने पिठाचे हात पुसले. "काकू, हा हरवला नव्हता. मीच हाकललेला. दारू पिऊन हात उचलायचा." आणि दार लावून घेतलं.

आता साईनाथला परत कसं पाठवायचं? त्याने खडवलीची नोकरी सोडली होती, बाईंच्याच शब्दावर. तो त्यांच्या सोफ्यावर बसला. भाजीत मीठ कमी आहे, चहा पाणचट आहे, असं सांगू लागला. बाईंनी रडकुंडीला येऊन आग्नेस आजींना विचारलं, "माणूस हरवून देणारा कुणी संत आहे का हो?"

"तसा नाय. पण अशक्य कामांसाठी संत रिटा आहे. तिचा पण नवरा तापट. तिने त्याला सुधारला."

"कसा?"

"सोसून. अठरा वर्षं लागली."

बाईंनी तेवढी वाट पाहिली नाही. खडवलीच्या हॉटेलमालकाला फोन करून हातापाया पडल्या आणि साईनाथला कसाऱ्याच्या गाडीत बसवून आल्या. नंतर मंजुळाची माफी मागायला खाली गेल्या.

"निदान मला एकदा विचारायचंत," मंजुळा म्हणाली. दिवाळीपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही.

योगिनीबाई अजूनही मंगळवारी चर्चमध्ये जातात. फक्त माणसांची नावं घेत नाहीत.