फौजी क्लबाचा बिनसहीचा हुकूम

“रायटर, तुमच्या अर्जाला एक माणूस आला नाही. एकसुद्धा!”

सुभेदार औटी हे वाक्य उभ्यानेच बोलले. कचेरीच्या आवारात लिंबाखाली माझे टेबल आहे आणि समोर पक्षकारासाठी स्टूल आहे. त्या स्टुलावर सुभेदार कधी बसले नाहीत. मी अर्जनवीस. पारनेर तालुक्यातले बहुतेक अर्ज माझ्या हातचे असत. त्यामुळे माझा एखादा अर्ज वाया जाणे ही माझ्या दृष्टीने साधी बाब नव्हती.

“मजकुरात काही उणे होते काय?” मी विचारले.

“मजकूर मला काय कळतो? मी इटलीत लढलो, शाळेत नाही.”

प्रकरण असे होते. कचेरीच्या मागे एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे मामलेदारांचे घोडे बांधत. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना ती क्लबासाठी मिळाली होती. हे सर्वजण रोज सायंकाळी तिथे बसत, चहा घेत आणि इटली, आफ्रिका व बर्मा या मुलखांतल्या लढाया पुन्हा जिंकत. मात्र वर्षे सरली तशी माणसेही सरली. सुभेदारांसह सातजण उरले.

त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. तालुकाभर दुष्काळी कामे निघाली होती. फावडी, कुदळी आणि घमेली ठेवायला कचेरीला जागा पुरेना. तेव्हा नायब तहसीलदारांचे पत्र आले. येत्या सोमवारी सकाळी नऊ वाजता समक्ष पाहणी होईल, किमान पंचवीस माजी सैनिक खोलीत हजर दिसले तर खोली कायम राहील, अन्यथा ती आठ दिवसांत रिकामी करावी, असा त्याचा आशय होता. रजिस्टरातील नावे चालणार नव्हती. रजिस्टरात नावे चाळीस होती, पण त्यांतील बरीचशी मंडळी वैकुंठवासी होती.

सुभेदारांना खोलीची एवढी काय पडली होती, असे कोणी विचारील. घरी त्यांचे सर्व ठीक होते. सूनबाई वेळेवर भाकरी वाढीत. परंतु घरात त्यांना सगळे ‘आबा’ म्हणत, आणि ‘आबा, जरा सरका, सारवायचंय’ असेही म्हणत. ‘सुभेदारसाहेब’ ही हाक फक्त त्या खोलीत ऐकू येई.

तालुक्यात सैनिकांचा तुटवडा नव्हता. पासष्ट आणि एकाहत्तरच्या लढाया पाहिलेले, पंधरा वर्षांची नोकरी करून पेन्शनीत आलेले पुष्कळ तरुण गावोगावी होते. या सर्वांनी क्लबात यावे म्हणून मी सुभेदारांच्या नावे एक विनंती अर्ज लिहून दिला होता. वर विषय, मग ‘सविनय सादर’, मग कारणे आणि शेवटी ‘आपला कृपाभिलाषी’. ‘कृपया’ हा शब्द त्यात पाच ठिकाणी आला होता. याहून नम्र कागद माझ्या हातून झालेला नाही.

दोष कुठे राहिला हे पाहण्यासाठी मी एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो. तरुण फौजी तिथेच बसत. त्यांचा म्होरक्या नाईक बबन ठुबे. वय पस्तीस, मिशी राखलेली, बोलणे तिखट.

“अण्णा, तुमचा कागद मिळाला,” बबन म्हणाला. “पयल्या दोन वळी वाचल्या आन् आमाला वाटलं, सुभेदार गेले. आमी दहाव्याला कोन-कोन जायचं त्येबी ठरवलं.”

बाकीचे हसले. मी हसलो नाही.

“चेष्टा पुरे. येत का नाही ते सांग.”

“गेल्तो की एकदा! पेन्शनीत आलो त्याच महिन्यात गेल्तो. रिकामी खुर्ची दिसली, बसलो. सुभेदार म्हनले, उठ. ही खुर्ची समुद्र वलांडलेल्याची हाय. तू वलांडलास का?”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हनलं, साहेब, बंगालात नदी वलांडली. रातीची, पवून, डोक्याव रायफल घिऊन. तर म्हनत्यात, नदीला समुद्र म्हनत न्हाईत. भाईर वट्याव बस.” बबनने कप खाली ठेवला. “त्या खुर्चीचा धनी मरून चार वर्सं झाल्ती, अण्णा. मेलेल्याला खुर्ची आन् जित्याला वटा!”

या क्लबाचा नियमच तसा होता. जहाजातून परमुलखात जाऊन लढला त्याला खुर्ची, देशातल्या देशात लढला त्याला ओटा. कोणी लिहिलेला नव्हता, पण पाळला कडक जाई.

“आता सुभेदारांना गरज आहे,” मी म्हणालो.

“मंग त्येंनी सोताच्या तोंडानं बोलवावं. ‘आत या’ म्हनावं. तुमच्या कागदाव न्हाई यायचो आमी.”

मी हे सुभेदारांना कळवले. ते लाल झाले.

“मी बोलवू? भरती होताना आम्हाला कोणी बोलवायला आलं होतं? त्यांनी अर्ज करावा. मी मंजूर करीन.”

“सोमवारला तीन दिवस आहेत, सुभेदारसाहेब.”

“मग लवकर करावा.”

मी परत टेबलापाशी आलो. अर्जनविसाच्या धंद्यात कागद दोन प्रकारचे असतात, हे सामान्य वाचकांना ठाऊक नसते. अर्ज खालून वर चढतो आणि हुकूम वरून खाली उतरतो. माझे सर्व आयुष्य चढणारे कागद लिहिण्यात गेले. परंतु पेन्शनीच्या कामामुळे फौजी हुकुमांच्या नकला माझ्या पेटीत गठ्ठ्याने पडल्या होत्या. त्या मी चाळल्या. एकाही हुकुमात ‘कृपया’ नव्हते. कारणे नव्हती. दिवस, वेळ, जागा, पोशाख, संपले. मला माझ्या नम्रतेची प्रथमच लाज वाटली.

मी कार्बन लावून कागद तयार केला. हिंदी मला बेताची येते, पण हुकुमाला बेताचीच लागते.

‘सब भूतपूर्व सैनिक. सोमवार. समय ०८४५. स्थान फौजी क्लब, पारनेर. फॉल-इन. पोशाक मुफ्ती. दाढ़ी बनी हुई. मेडल लगेंगे. ग़ैरहाज़िर जवान कारण लिखकर दे. हुकुम से.’

फौजी बोलीत मुफ्ती म्हणजे साधे कपडे आणि फॉल-इन म्हणजे रांगेत उभे राहणे. ‘हुकुम से’ याच्या पुढे मी काहीच लिहिले नाही. सही केली नाही, शिक्का मारला नाही. कायदा मला माहीत आहे. खोटी सही हा गुन्हा आहे. कोरी जागा हा गुन्हा नाही. एक प्रत स्टँडवर लावली, एक पिठाच्या गिरणीत, आणि उरलेल्या ओळखीच्या कंडक्टरांकडून गावोगावी धाडल्या.

सोमवारी मी साडेआठला पोहोचलो. पाहतो तो क्लबासमोर तेवीस माणसे खोलीकडे तोंड करून सरळ रांगेत उभी. दाढ्या केलेल्या, सदऱ्यांना इस्त्री, छातीवर मेडले. कोणी उशिरा आला नव्हता. एकाने तर तापामुळे येऊ न शकलेल्या भावाचे कारण लेखी आणले होते आणि ते कोणाकडे द्यावे हे त्याला कळत नव्हते. मी ते ठेवून घेतले.

बबन रांगेच्या उजव्या टोकाला होता. “अण्णा,” तो ओठ न हलवता म्हणाला, “नगरहून साहेब येनार हाय का?”

“तू समोर बघ,” मी म्हणालो.

सुभेदारही काळा कोट घालून आले होते. त्यांनी कागदाची बातमी गिरणीत ऐकली होती आणि तेही नगरच्या साहेबांची वाट पाहत होते. सातही म्हातारे आत आपापल्या खुर्चीत ताठ बसले होते.

नऊला नायब तहसीलदार कारकुनासह आले. त्यांनी बाहेरची रांग पाहिली, आतल्या खुर्च्या पाहिल्या.

“हे कोण?”

“माजी सैनिक आहेत, रावसाहेब,” मी पुढे होऊन सांगितले.

“खोलीत आहेत का?”

“खोलीसमोर आहेत.”

“मी खोलीतले मोजणार. बाहेर तर बैलगाडीवालेही उभे आहेत.” त्यांनी रजिस्टर उघडले. “आत सात.”

मी बबनकडे पाहिले. बबन आभाळाकडे पाहत होता. हुकुमात फॉल-इन म्हटले होते, तो फॉल-इन झाला होता. आत जा असे कोणी म्हटले नव्हते. ही उणीव माझ्या मजकुराची होती, हे मी मान्य करतो.

त्या सातांपैकी हवालदार शेख, ज्यांना सगळे चाचा म्हणत, सुभेदारांच्या कानाशी वाकले. “बोला ना साहेब. दोन शब्द तर आहेत. ‘आत या.’ मी तुमच्या जागी असतो तर कधीच बोलून मोकळा झालो असतो.”

“मग तू बोल.”

“माझं कोण ऐकतं? मी हवालदार. ते तुमच्या तोंडाकडे बघून राहिलेत.”

सुभेदार उठून दारात आले. तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. ‘आत या’ हे शब्द गळ्यापर्यंत येऊन परत जाताना मी स्वतः पाहिले. नायब तहसीलदारांनी पेनाचे टोपण काढले आणि सातचा आकडा लिहायला घेतला.

“स्क्वाड!”

हा आवाज त्या देहातून आला यावर माझा विश्वास बसेना. कचेरीवरची कबुतरे उडाली. कारकुनाच्या हातातली दौत हिंदकळली.

“स्क्वाड, सावधान! दाहिने मुड़! तेज चल! बाएँ घूम!”

तेवीस टाचा एकदम वाजल्या. विचार करायला कोणालाच वेळ मिळाला नाही. बबन सर्वांत पुढे होता आणि आपण आत चाललो आहोत हे त्याला उंबरा ओलांडल्यावर कळले असावे, कारण त्याचा चेहरा फार चमत्कारिक झाला. पण पाय थांबले नाहीत. खोली लांबट असली तरी फार लांब नव्हती. बबन भिंतीपाशी पोचला आणि जागच्या जागी पाय आपटू लागला. मागचे त्याच्या पाठीला भिडून पाय आपटू लागले. ‘थम’ म्हणण्याचे काम सुभेदारांचे होते. ते त्यांनी बराच वेळ केले नाही. कितीतरी वर्षांनी पलटण हाती आली होती, ती इतक्या लवकर कोण सोडील? छपरातली धूळ खाली येऊन नायब तहसीलदारांच्या रजिस्टरावर बसली.

“अहो, थांबवा!” ते ओरडले.

“थम! बैठ जाओ!”

तेवीसजण जमिनीवर बसले. गंमत पुढे झाली. गडबडीत बाकीचे सहाही म्हातारे उठून सावधान झाले होते. ‘बैठ जाओ’ ऐकताच तेही होते त्या जागी खालीच बसले. खुर्च्या सगळ्या रिकाम्या राहिल्या. चाचा बबनच्या मांडीला मांडी लावून बसले होते आणि दोघांनाही हलायला जागा नव्हती.

नायब तहसीलदारांनी डोकी मोजली. दोनदा मोजली. तीस भरली. मग त्यांनी एकाच्या खिशातून डोकावणारा माझा कागद ओढून घेतला.

“‘हुकुम से’? कोणाचा हुकूम? यावर सही नाही.”

सुभेदारांनी कागद हातात घेतला. माझे अक्षर ते पुरते ओळखत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. धंद्याची सनद जाणार असे मी धरून चाललो.

“हुकूम माझा,” सुभेदार म्हणाले.

“मग सही का नाही?”

“फौजेत आवाज ओळखतात, साहेब.”

धूळ झटकून नायब तहसीलदारांनी रजिस्टरात तीसचा आकडा लिहिला आणि ‘खोली कायम’ असा शेरा मारला. जाताना फावडी निदान ओट्यावर तरी ठेवू द्या, असे म्हणाले. ओटा आता मोकळाच होता.

बबन मात्र भिंतीशी बसून सुभेदारांकडे पाहत होता.

“म्हंजी तुमीच बोलावलं हुतं व्हय आमाला, साहेब?”

सुभेदारांनी कागदाची घडी करून खिशात घातली. “हो. मीच.”

“मंग आधी सांगायचं न्हाई का? ह्या अण्णानं रडका कागद धाडून समदा घोटाळा केला.”

सर्व दोष माझ्यावर आला. मी तो नाकारला नाही, कारण नाकारायचे म्हणजे पुष्कळ सांगावे लागले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार माझ्या टेबलापाशी आले. याही वेळी बसले नाहीत. “सुभेदाराच्या नावे हुकूम काढलात. महिनाभर रोज संध्याकाळी क्लबात हजेरी. पोरांचे पेन्शनीचे अर्ज लिहायचे. फुकट.” मी शिक्षा भोगली. त्या महिन्यात बबनने क्लबात कॅरम आणला, आणि म्हातारे रात्र पडेपर्यंत त्याच्याशी भांडू लागले. बंगालची नदी किती रुंद होती यावर तर रोज वाद होई. सुभेदारांच्या मते ती सांगितली जाते तेवढी रुंद नव्हती, पण ती ते रोज नव्याने सांगायला लावीत.

या प्रकरणातून मी धंद्यापुरता धडा घेतला. ज्या माणसाने पंधरा वर्षे शिट्टीवर उठून काढली, त्याला विनंती करू नये. वेळ आणि जागा कळवावी. मात्र हा उपाय फौजेबाहेर चालत नाही. पुढे एका पक्षकाराच्या सातबाऱ्यासाठी मी तोच नमुना तलाठ्याकडे पाठवून पाहिला. तो कागद अद्याप प्रलंबित आहे.