कोक्करे गेले ते वर्ष

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. ती असताना धीर झाला नाही, आणि ती गेल्यावर देवापुढेसुद्धा तोंड उघडलं नाही. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच कारण असेल.

धारवाडात जुनी माणसं मला अजून ‘मनोऱ्याचे ओव्हरसीयर’ म्हणतात. कौतुकानेच म्हणतात. मी हसतो, चहा सांगतो आणि बोलणं यंदाच्या भातावर नेतो.

तेव्हा मी बांधकाम खात्यात नवा होतो, नोकरी कायम व्हायची होती. कलघटगीच्या वाटेवरच्या एका गावात मोठं तळं आहे. जिल्ह्याच्या साहेबाने तिथे बंदूक चालवायला बंदी घातली होती. त्याला पाखरं मारायची नव्हती, दुर्बीण लावून बघायची होती. त्यासाठी लाकडी मनोरा हवा होता, आणि तोही होळीला त्याचा दौरा येण्याच्या आत.

नकाशा मी काढला. अळणावरच्या जंगलातलं सागवान, आत कललेले चार खांब, मध्ये तिरपे आधार, वळणाचा जिना, वर गवताचं छप्पर. आजही डोळे मिटून काढून देईन. त्यात एक चूक नव्हती — लाकडापुरतं बोलतो आहे मी.

मग चूक कुठे होती? थांबा, सांगतो. आधी कोक्कऱ्यांचं सांगू द्या.

कोक्करे म्हणजे ढोक, लांब पायांची, पिवळ्या चोचीची मोठी पाखरं. संक्रांतीच्या सुमाराला ती तळ्याकाठच्या चिंचांवर उतरत, घरटी करत, आणि पिलं उडायला लागली की पावसाआधी निघून जात. गाव म्हणे, या आपल्या लेकी, बाळंतपणाला माहेरी आल्यात. अंगणं घाण होत, माशांचा वास सुटे, पण कुणी खडा उचलत नसे. पहिलं पाखरू बसलं की त्या घरची बाई चिंचेच्या बुंध्याला हळद-कुंकू लावी.

सगळ्यांत मोठी चिंच बसव्वाच्या दारात होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला माघारी धाडली होती. ती भावाकडे राहायची. भावजयीला ते किती आवडत असेल, ते काय सांगायचं! घरट्यातून पडलेलं पिल्लू बसव्वा पदरात घ्यायची, बारकी मासळी भरवायची, आणि जरा तरतरीत झालं की लुगडं खोचून झाडावर चढून परत ठेवून यायची. मला ती अण्णा म्हणे. दुपारी ताक आणून देई — आमच्या घरचं चालेल का, हे पहिल्या दिवशी विचारून. मी पीत असे.

मनोरा मी आधी तळ्याच्या पलीकडे आखला होता. पण तिथून पानांआड काही दिसेना. मग मी तो उचलून थेट चिंचांच्या शेजारी आणला, घरटी समोर येतील अशा उंचीला. साहेब खूश होईल, एवढंच डोक्यात होतं. सागवान उशिरा आलं. तोवर काही घरट्यांत पिलं होती, बाकीच्यांत अंडी. थांबता आलं असतं — का नसतं आलं? ‘काम लांबेल’ एवढं वर कळवायचं होतं. पण कायम व्हायच्या आधी तसं कळवण्याची मला भीती वाटली.

ठोकाठोक सुरू झाली. पहिला घाव पडला आणि अख्खं झाड उठलं. पाखरं वर घिरट्या घालत राहिली, खाली येईनात. खाली कावळे आले. मी वरच्या फळीवर उभा होतो; घरट्यांच्या आत मला दिसत होतं. अंडी फुटताना दिसत होती. मी सुतारांना म्हणालो, जरा लवकर उरका.

थांबा म्हणालो नाही.

थोड्याच दिवसांत चिंचा रिकाम्या झाल्या. लेकी अर्ध्या बाळंतपणातून माहेर सोडून गेल्या, असं गावाला वाटलं. बायका दारात बसून रडल्या — खरोखर रडल्या. गावचा गौडा, म्हणजे पाटील, माणसं घेऊन माझ्याकडे आला आणि अदबीने, कानडीत म्हणाला, “रावसाहेब, या ठोकण्याने तर गेले नसतील?”

इथे मला एकच शब्द बोलायचा होता. हौदु. हो.

गौडाच्या खांद्यामागे बसव्वा उभी होती, पदरात पिल्लू घेऊन. मला आईचं बोलणं आठवलं — चिमणीच्या पिलाला शिवू नकोस, माणसाचा हात लागला की आई त्याला घेत नाही. आणि मी म्हणालो, “ठोकण्याने काही होत नाही. पिलांना माणसाचा हात लागला की पाखरं राहत नाहीत.”

कुणाचा हात, ते मी बोललो नाही. नाव घेतलं नाही, नाव घेतलं नाही — हे मी स्वतःला किती वर्षं घोकून दाखवलं! पण बोलताना मी तिच्याकडेच बघत होतो. आणि माझी नजर गेली तिकडे सगळ्यांनी माना वळवल्या.

शिकलेला माणूस बोलला, तो सरकारचा शब्द झाला. ‘वांझेचा हात’ हे गावाने संध्याकाळपर्यंत आपलं आपण जोडलं. भावजयीला निमित्तच हवं होतं. दुसऱ्या दिवशी भावाने बसव्वाला बैलगाडीत बसवलं. हुबळीला कुठल्याशा गिरणीत काम मिळतं म्हणे.

गाडी मनोऱ्याखाली आली तेव्हा ती उतरली. मी वर कठड्याचं माप घेत होतो. तिने मान वर केली.

“अण्णा, तुम्ही तर वरून बघत होतात.”

आवाज चढवला नाही, रडली नाही. पदरातलं पिल्लू तिने जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलं आणि गाडीत जाऊन बसली. मी खाली उतरलो नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत माप घेत राहिलो, आणि ते माप काय आलं हे मला आठवत नाही. पिलाला कसं भरवायचं हे मला ठाऊक नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही. दिवसभर ते चोच वाजवत होतं. संध्याकाळी थांबलं.

साहेब आला. रिकाम्या चिंचा बघून हळहळला, जिन्याची मात्र तारीफ केली. मी कायम झालो.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं मी मनाला समजावून पाहिलं. पण कावळे बसलेले मी बघितले होते. हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात गेलो आणि समोरून गिरणीतल्या बायकांचा घोळका आला, की मी कुठल्याही दुकानात शिरतो. तिने मला बघू नये म्हणून. घरी सुतार आला की मी बाहेर पडतो; त्याचा हातोडा थांबला तरी मला ती चोच ऐकू येत राहते.

मनोरा अजून उभा आहे. चांगलं सागवान आहे, अजून पुष्कळ वर्षं टिकेल. त्या चिंचांवर कोक्करे पुन्हा उतरले नाहीत.

ती खरं तेच बोलली होती. मी वरून बघत होतो. मला सगळं दिसत होतं.